सुईचं औषध पेजेत

मोठी माय वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे माझा तोल जाणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, ही म्हातारी मेलेल्या माणसावर सूड उगवते आहे. ती माझ्या बाबांची थोरली वहिनी. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. आमची आई मी रांगत असताना गेली, तेव्हापासून शकूला आणि मला हिनंच न्हाऊमाखू घातलं. आमच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, आम्हाला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या तिनं ठेवल्या. घरात शेवटचा शब्द तिचा. बाबा बाहेर चार लोकांत मोठ्यानं बोलणारे गृहस्थ, पण उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की ‘वहिनी म्हणतील तसं’. या तीन शब्दांवर माझा किती राग आहे ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही. माणूस वाईट वागला तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. जो नुसता मान डोलावतो त्याचं काय करायचं?

आमचं घर नवेगावबांध या गावी, तलावापासून हाकेच्या अंतरावर. थोडी धानाची शेती होती, पण घर चालायचं ते मागच्या अंगणातल्या पोह्याच्या भट्टीवर. भिजवलेलं धान गरम वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच यंत्रात दाबायचं. पहाटेपासून ती धडधड सुरू व्हायची. पाहुणे आले की कानात बोटं घालायचे, आम्हाला मात्र ती बंद पडली की जाग यायची. ढिवरांच्या बायका सकाळी टोपलीत झिंगे, बारीक मासे घेऊन दारात बसायच्या आणि पोह्यांच्या बदल्यात मासे टाकून जायच्या. सकाळी सगळ्यांना पेज, मीठ आणि आंब्याच्या लोणच्याची फोड. दुपारी भात आणि लाखोळीचं वरण. रात्री पुन्हा भात, त्यावर झिंग्यांचा रस्सा. शकू जेवताना सगळ्यांच्या नकला करायची. मासेवालीची, बाबांची, मोठ्या मायच्या चालण्याची. मोठी माय स्वतःची नक्कल पाहून तोंडाला पदर लावून हसायची आणि मग पळी उगारायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती शकू. शाळा संपवून घरी बसली होती, म्हणजे भट्टीवर दिवसभर राबत होती.

ती वाळायला लागली तेव्हा आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. भट्टीच्या धगीनं वाळली म्हणाले. मग ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली, आणि ती लघवीला बसायची त्या मोरीत मुंग्या लागल्या. मांत्रिक झाला, गावातल्या वैद्याचं पाचक झालं, शेवटी बाबांनी तिला गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की हिला साखरेची बिमारी आहे, लहान वयात होते ती, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागेल. "इंजेक्शन बंद नहीं करना, समझे? जिंदगीभर." एवढं बोलून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. बाबा घरी येऊन म्हणाले, जिंदगीभर. का, कशासाठी, सुईनंच का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. दोन मिनिटं लागली असती. मी पुढे गोंदियात शिकवायला लागले, गोंदियालगत कुडव्याला घर केलं, कित्येक दवाखान्यांत बसले, आणि दर वेळी पाहते आहे की ती दोन मिनिटं अजूनही कोणाकडे नाहीत.

इन्सुलिनची बाटली आम्ही ओल्या वाळूत पुरलेल्या गाडग्यात ठेवायचो, कारण फ्रीज गावात कोणाकडे होता! काचेची सिरिंज मी छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायची. शकू स्वतःच टोचून घ्यायला शिकली. कधी दंडात, कधी मांडीत. पहिल्या दिवशी रडली, मग त्याचीही नक्कल करायला लागली. डोळे मोठे करायची, दात आवळायची, "ये रे सुईबाबा, बस माझ्या दंडावर." महिन्याभरात तिच्या गालांवर मांस आलं. पुन्हा भट्टीवर उभी राहिली, पुन्हा पोत्यावर बसून गाणी म्हणू लागली. औषध लागू पडलं होतं. आमच्या डोळ्यांसमोर लागू पडलं होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

इटियाडोह धरणाकडच्या एका गावाहून शकूला स्थळ आलं. बारमाही पाण्याची जमीन, घरची जीप, मुलगा एकुलता एक. आमच्याकडे तेव्हा पद्धत अशी होती की पुरुष ओसरीवर बोलत बसायचे आणि मुलाकडच्या बायका मुलीला आतल्या खोलीत न्यायच्या. तिचे केस सोडून पाहायचे, चालवून पाहायचं, बांगड्या भरायच्या निमित्तानं दंडापर्यंत हात चाचपायचे. बैल घेताना दात पाहतात ना, तसंच. शकूच्या दंडावर निळे डाग होते. मोठ्या मायनं एका सकाळी तिचा दंड उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आजपासून सुई बंद."

मी चुलीपाशी सिरिंज उकळत होते. मी म्हटलं, "मोठी माय, डॉक्टरनं बंद नोको करा म्हनून सांगतलं आहे."

"औषध बंद करतो म्हनलं का मी? सुई बंद करतो म्हनलं. औषध पोटात गेल्याशी मतलब. सुईनं गेलं का, तोंडानं गेलं का."

"पर डॉक्टरनं सुईच सांगतली ना वो!"

"डॉक्टरले पोरगी उजवाची आहे का?"

आणि तिनं माझ्या हातातून सिरिंज घेतली, बाटलीतून औषध बरोबर रेघेपर्यंत ओढलं, एक थेंब इकडेतिकडे नाही, आणि शकूच्या पेजेच्या वाटीत सोडलं. वर मीठ टाकून चमच्यानं ढवळलं. शकूनं एक घोट घेतला, नाक मुरडलं. "अख्खा दवाखाना पेऊन राहिली असं वाटते वो," ती म्हणाली आणि हसली. तिला बरंच वाटलं असणार. दिवसातून दोनदा टोचून घेणं कोणाला आवडतं? शिवाय मुलाचा फोटो तिनं चोरून पाहिला होता आणि मला सांगितलं होतं की कान मोठे आहेत, पण चालतील.

मी बाबांना सांगितलं. भट्टीवर जाऊन, धडधडीच्या वर आवाज काढून सांगितलं. ते म्हणाले, "वहिनीनं केलं असंन तर समजूनच केलं असंन." मग मी शाळेत गेले. आमच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नेमका तो धडा चालू होता. ‘फरक स्पष्ट करा: विकरे आणि संप्रेरके’. सर फळ्यावर मधोमध रेघ मारायचे, डावीकडे विकरे, उजवीकडे संप्रेरके, आणि आम्ही ते उतरवून घ्यायचो. मी हात वर केला. "सर, सुईनं द्यायचं संप्रेरक खाल्लं तर काय होतं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "असा प्रश्न परीक्षेत येत नाही. बस खाली." मी खाली बसले. आज त्या सरांविषयी गावात आदरानं बोलतात, त्यांच्या हाताखालून किती मुलं पहिल्या वर्गात पास झाली ते सांगतात. मला ते ऐकवत नाही. मी उठून जाते.

उत्तर त्याच पानावर होतं. ते जोडून दाखवणारं मात्र कोणी नव्हतं. पुढे पंचवीस-तीस वर्षं मी स्वतः हाच धडा शिकवला, आणि फळ्यावर ती मधली रेघ एकदाही मारली नाही. मी मुलांना भाताचा घास तोंडात घेऊन गिळायचा नाही, चावतच राहायचं, असं सांगायची. थोड्या वेळानं भात गोड लागतो. लाळेतल्या विकरानं त्याचे तुकडे करून साखर केलेली असते. विकर म्हणजे विळा. जिथे काम असेल तिथे कापतो, स्वतः झिजत नाही, पुन्हा पुढच्या पेंढीला भिडतो. पोटात असे कितीतरी विळे असतात. कोणी भात कापतो, कोणी डाळ, कोणी तेल. संप्रेरक काही कापत नाही. ते म्हणजे कोतवालाची दवंडी. एका ठिकाणाहून निघते, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते आणि ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू जाते. इन्सुलिनची दवंडी एवढीच, की साखर दारात आली आहे, आत घ्या. ती ऐकू आली नाही तर साखर रक्तात तशीच फिरत राहते आणि अंग आतून उपाशी मरतं. आता खरी गोष्ट. ही दवंडी देणारा कोतवाल स्वतः डाळीच्याच जातीचा, प्रथिनाचा. त्याला सुईनं कातडीखाली सोडलं तर तो रक्तात पोचतो. तोंडानं गिळलं तर तो आधी पोटातल्या विळ्यांच्या तावडीत सापडतो. विळ्यांना काय कळतं, ही दवंडी आहे की लाखोळीचं वरण? ते दोघांनाही सारखंच कापतात. मोठी माय रोज दोन वेळ, मोजूनमापून, शकूच्या पेजेत घोटभर वरणच घालत होती.

पाहुणे यायच्या दिवसापर्यंत शकूच्या दंडावरचे डाग गेले होते. त्या सकाळी ती दोनदा ओकली. मोठी माय म्हणाली, पित्त आहे, पोरींना होतं असं. शकूचे ओठ पांढरे पडले होते आणि ती बसल्या जागी धावून आल्यासारखा श्वास घेत होती. मी पुन्हा म्हटलं, आता तरी सुई द्या. मोठ्या मायनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शकूला दृष्ट लावते आहे. जीप आली. ओसरीवर सतरंजी, आत आलूपोहे, लाडू, चहा. शकू हिरव्या लुगड्यात ट्रे घेऊन निघाली तेव्हा कपबशा वाजत होत्या. ट्रे ठेवून ती मुलाच्या आत्याच्या पायाशी वाकली, वर उठताना तिचा तोल गेला आणि तिनं आत्याच्या खांद्याला धरलं. तिचा श्वास त्या बाईच्या तोंडावर गेला.

आत्यानं झटक्यात मान मागे घेतली. "अवो माय! पोरीच्या तोंडाले मोहाचा वास येऊन राहिला!"

वास खरंच येत होता. दवंडी बंद पडली की उपाशी अंग स्वतःची चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्याचा वास आंबूस-गोड, थेट भिजत घातलेल्या मोहफुलांसारखा. दुसऱ्या कुठल्या मुलखात असतं तर कोणी म्हणालं असतं, पिकल्या फळासारखा वास येतो, पोरगी आजारी आहे का बघा. आमच्याकडे घरोघरी त्या वासाचा एकच अर्थ, मोहाची दारू. वास मोहाचा, चाल अडखळती, बोलणं जड. आणखी काय पुरावा पाहिजे?

"पोरगी पेऊन आहे," आत्या बाहेर पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मुलाचा बाप उठला. "घरी बोलावून तमाशा दाखोवता का गा?" बाबा हात जोडून उभे. मी मधे पडले आणि ओरडले, "दारू नाई! तिले साखरेची बिमारी आहे, मोठ्या मायनं सुई बंद केली, तिले दवाखान्यात न्या, तुमची जीप—" पुढचं बोलता आलं नाही, कारण मोठ्या मायचा हात माझ्या तोंडावर बसला होता. त्या हाताला सकाळच्या फोडणीचा वास होता. मी तिला चावले, तरी तिनं हात काढला नाही. जीप धूळ उडवत गेली.

मग बाबांना आवाज फुटला. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला न विचारता त्यांनी काही केलं असेल तर ते हे, की शकूच्या थोबाडीत मारली आणि तिला धान ठेवायच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. "उतरेल तवा बाहेर ये." ती दारू प्याली नाही हे त्यांना ठाऊक होतं! ज्या घरात मोहफूल येतच नव्हतं त्या घरात ती प्याली कुठून? पण चार लोकांनी म्हटलं म्हणून त्यांनी मानलं. मी दाराशी बसले. आतून तिचा श्वास ऐकू येत होता, खोल, मोठा, एकसारखा. मी हाका मारत होते. आधी ती ‘हूं’ म्हणायची. एकदा म्हणाली, "पानी." मी कडीला लटकले, बाबांच्या हाताला लटकले, मोठ्या मायच्या पाया पडले. दुपार उलटली. ‘हूं’ येईना तेव्हा मोठ्या मायनंच कडी काढली. शकूला हलवलं तर ती हलली, पण उठली नाही.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत टाकून आम्ही तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी तिच्या तोंडाचा वास घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इन्सुलिन कब दिया?" मोठी माय पुढे झाली. तिला या प्रश्नाचं उत्तर पक्कं येत होतं. "रोज देत होतो ना साहेब. दोन टाइम. पेजेत."

डॉक्टर तिच्याकडे वळले. मग ओरडले. आता त्यांना वेळ होता! पोटात ते पचून जातं, डाळीसारखं पचतं, म्हणून तर सुई असते, एवढं साधं कसं कळत नाही तुम्हाला, असं ते हिंदीत आणि मराठीत सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. मी खाटेची दांडी धरून उभी होते. माझ्या पुस्तकातले फळ्यावरच्या रेघेच्या दोन बाजूंना उतरवून घेतलेले ते दोन शब्द माझ्या बहिणीच्या पोटात एकमेकांना भेटले होते, आणि ते मला इथे, असं कळत होतं. सलाइन लागली, सुया लागल्या, हव्या तेवढ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शकू गेली.

परवा कुडव्याला आमच्या गल्लीत एक तरुण आला होता. टापटीप, हातात मोबाइल, पिशवीत डबे. शेजारच्या घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे, शकूचीच बिमारी. तो त्याच्या आईला सांगत होता, "ताई, ये नैसर्गिक एन्झाइम पावडर आहे. हार्मोन का काम भी यही करता है, सब एकच असतं. दूध में डालो, इंजेक्शन छूट जाएगा." ती बाई डबा हातात घेऊन ऐकत होती. मी चपलेनं मारलं त्याला. खरंच मारलं, या वयात, भर रस्त्यावर. लोकांनी मला धरलं. तो तरुण मला म्हणाला, "मावशी, एवढा राग बरा नाही, बीपी वाढेल."

तर, शकूचं दहन झालं त्या संध्याकाळी सांत्वनाला आलेल्या बायका कुजबुजत होत्या. जीपवाल्यांनी वाटेतल्या गावागावांत सांगितलं होतं. एका बाईनं मोठ्या मायला विचारलंच, "खरंच पेली होती का वो?" मला वाटलं, आता ही बोलेल. मेलेल्या पोरीची अब्रू तरी राखेल. मोठ्या मायनं डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई. कुठून घेतली का मालूम. वाया गेली पोरगी." नंतर मी तिच्या अंगावर धावून गेले तेव्हा ती मला घट्ट धरून, रडत, माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुह्यं व्हायचं आहे अजून. रक्तातच बिमारी आहे म्हनलं तर कोन येईन दारात? दारू लोक विसरतेत, बाई." बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान डोलावली.

ती शकूवर प्रेम करत होती, आणि माझ्यावरही. हे मला नाकारता येत नाही आणि म्हणूनच माझा राग जात नाही. परक्यानं केलं असतं तर कधीच विसरले असते.

माझी पदवी झाली आणि मला पाहायला माणसं आली. मी ट्रे घेऊन गेले, कारण भांडून, रडून, उपाशी राहून झालं होतं आणि मोठी माय आता थकली होती, तिचे हात कापायचे. मुलाच्या आईनं माझे केस सोडून पाहिले नाहीत, काळ थोडा सुधारला होता. तिनं नुसतं विचारलं, "मोठी बहीण होती म्हणे. कशानं गेली?"

"दारूनं," मोठी माय म्हणाली. इतक्या वर्षांत तिची जीभ त्या शब्दाला सरावली होती.

बाईच्या कपाळावरची आठी गेली. ती खरोखर सुटका झाल्यासारखी हसली आणि पोह्यांची बशी उचलत म्हणाली, "मग ठीक आहे. आम्हाला वाटलं, काही बिमारी होती का काय."

मी ट्रे खाली ठेवला. "बिमारी होती," मी म्हणाले. "औषधही होतं, घरातच होतं. आम्ही ते तिला पेजेत कालवून दिलं, आणि ती मरत होती तेव्हा दाराला बाहेरून कडी घातली."